इंजिन उघडण्यापूर्वी मालकाला बोलवा : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली.

विषय : वॉरंटीच्या मुदतीत निकामी झालेल्या वाहनांच्या इंजिनांची तटस्थ तांत्रिक तपासणी व्हावी आणि तोपर्यंत पुरावा जपला जावा, यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी सोलापूरचा रहिवासी असून अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझा टॉवेल विणण्याचा छोटा कारखाना आहे. माझ्या मोटारीचे इंजिन अवघ्या १९ महिन्यांत निकामी झाले, आणि त्यानंतरच्या चार महिन्यांत जे अनुभवले त्यातून हे पत्र लिहीत आहे. माझ्या गाडीची भरपाई आपण मिळवून द्यावी अशी मागणी मी करत नाही; तो दावा मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे मांडणार आहे. आपले काम ग्राहकांच्या संपूर्ण वर्गाचे हित पाहण्याचे आहे, आणि जे माझ्या वाट्याला आले ते माझ्या एकट्यापुरते नाही अशी माझी खात्री झाल्यामुळेच आपणास लिहीत आहे.

गाडी आम्ही दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतली. रस्त्यावर येईपर्यंत ११ लाख ८० हजार रुपये लागले, त्यांपैकी ९ लाखांचे कर्ज काढले. वॉरंटी ३ वर्षांची किंवा १ लाख किलोमीटरची. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आईच्या डोळ्यांची तपासणी करून आई, पत्नी आणि मी पुण्याहून परतत होतो. मोहोळ मागे पडले, सावळेश्वरचा टोलनाका ओलांडला, आता अर्ध्या तासात घरी पोहोचू असे आईला सांगत असतानाच बॉनेटखालून लोखंडावर लोखंड आपटावे तशी ठकठक सुरू झाली. समोर तेलाच्या झारीचे चिन्ह असलेला लाल दिवा लागला. मी गाडी डावीकडे घेऊ लागलो, तोवर एक मोठा धक्का बसला आणि इंजिन बंद पडले. इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा घट्ट होतो, हे मी ऐकून होतो. मागून उसाच्या मळीचा टँकर हॉर्न देत येत असताना ते अनुभवणे निराळे. गाडी कशीबशी कडेला लागली. ४२ अंशांच्या उन्हात माझी ७४ वर्षांची आई डोळ्यांत औषध घातलेल्या अवस्थेत रस्त्याकडेच्या बाभळीखाली दीड तास बसून होती. एका मालट्रकचा चालक थांबला, त्याने पाण्याचा कॅन दिला आणि क्रेनवाल्याला फोन लावून दिला. त्याचे नावही विचारायचे राहून गेले, याची खंत अजून वाटते.

इथवरच्या प्रकाराबद्दल मी कोणाला दोष देत नाही. यंत्र आहे, बिघडू शकते. माझ्या कारखान्यात चोवीस माग आहेत आणि त्यांतला एखादा तरी रोज काही ना काही मागतोच. माझी तक्रार पुढच्या भागाबद्दल आहे.

गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये पोहोचली. पहिल्या दिवशी मला विचारण्यात आले की पेट्रोल कोणत्या पंपावर भरले होते. मी पावती दाखवली. इथेनॉलमिश्रित पेट्रोलामुळे असे होऊ शकते, असेही कोणी म्हणाले. परंतु गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल चालते असे कंपनीनेच छापले आहे, आणि ज्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या धुराड्यांनी दिशा ओळखाव्यात त्या जिल्ह्यातल्या ग्राहकाला हे कारण सांगण्यापूर्वी त्यांनी आपली पुस्तिका तरी वाचायला हवी होती. चौथ्या दिवशी विचारले गेले की गाडी पाण्यातून नेली होती का. मे महिन्यातल्या सोलापुरात पाणी कुठले? दहाव्या दिवशी मला एका ओळीचे पत्र मिळाले : अयोग्य देखभालीमुळे वंगणाचा अभाव झाला असून हा दोष वॉरंटीत बसत नाही. सोबत नव्या इंजिनाचा आणि मजुरीचा ४ लाख ३५ हजार रुपयांचा अंदाज जोडला होता.

अयोग्य देखभाल म्हणजे काय, असे मी विचारले. २०,००० किलोमीटरची सर्व्हिसिंग मी २०,३१० किलोमीटरला करून घेतली, म्हणजे ३१० किलोमीटर उशिरा, एवढेच उत्तर मिळाले. ती सर्व्हिसिंग त्याच वर्कशॉपमध्ये झाली होती. तेल त्यांनी बदलले, फिल्टर त्यांनी बसवला, बिल त्यांनी दिले. इंजिन बंद पडले तेव्हा मीटरवर २१,४०० चा आकडा होता. त्यांच्याच हाताने नवे तेल घातल्यावर १,०९० किलोमीटरमध्ये जे इंजिन वंगणाअभावी जाम होते, त्याचा दोष त्याआधीच्या ३१० किलोमीटरमध्ये कसा शोधायचा, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

मग मी म्हणालो की मला इंजिन पाहू द्या. तेव्हा कळले की इंजिन सातव्या दिवशीच खोलून झाले होते. मला बोलावले नव्हते, माझी लेखी संमती घेतली नव्हती. इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या चेंबरमधले तेल कुठे आहे असे विचारल्यावर सांगण्यात आले की ते जुन्या तेलाच्या पिंपात ओतले. फिल्टर कुठे आहे, तर भंगारात गेला.

महोदय, या दोन उत्तरांमुळेच मी आपणास पत्र लिहायला बसलो. इंजिनातला क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, दर मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने फिरत असेल, तर तो एका सेकंदात ५० वेळा फिरतो, आणि तेवढ्या वेगात त्याला बेअरिंगच्या धातूपासून दूर ठेवणारा तेलाचा थर केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. तो थर तुटला की धातू धातूला घासतो, बेअरिंग वितळू लागते, आपल्या जागेवरून फिरते, आणि पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड सैल होऊन ठोकू लागतो. माझ्या गाडीत झाले ते हेच. परंतु तो थर का तुटला, याची कारणे अनेक असू शकतात. तेल कमी असेल, तेल जुने होऊन त्याचा गाळ झाला असेल, तेलात पेट्रोल किंवा इंजिन थंड ठेवणारे कूलंट मिसळले असेल, ऑइल पंप निकामी असेल, चेंबरमधली जाळी तुंबली असेल, फिल्टर चुकीचा बसला असेल, किंवा कारखान्यातच बेअरिंगचे माप चुकले असेल अथवा तेलाच्या वाटेत धातूचा कीस राहिला असेल. यांतली पहिली एक-दोन कारणे मालकाच्या गळ्यात पडू शकतात. बाकीची बहुतेक वर्कशॉपची किंवा कंपनीची ठरतात. आणि यांतले नेमके कोणते, हे सांगणारा सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे ते तेल. पेलाभर तेल प्रयोगशाळेत दिले तर त्यात धूळ गेली होती का हे सिलिकॉनच्या प्रमाणावरून कळते, कोणता भाग झिजला हे तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या प्रमाणावरून कळते, कूलंट गळत होते का हे सोडियम-पोटॅशियमवरून कळते, आणि तेल खरोखरच जुने झाले होते का हे त्याच्या घट्टपणावरून कळते. हे तेल पिंपात ओतले की माझ्या बाजूचा आणि त्यांच्याही बाजूचा पुरावा एकदमच संपतो. फरक इतकाच की त्यांना पुराव्याची गरज नसते, कारण निर्णय तेच देतात.

माझ्या कारखान्यात मागाचा शाफ्ट तुटला तर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, तो तुकडा माझ्या टेबलावर आणून ठेवतो आणि म्हणतो, शेठ, बघा, तडा जुना आहे, आत गंज दिसतो. तो शाळा फारशी शिकलेला नाही, पण तुटलेला भाग दाखवल्याशिवाय नव्या भागाचे पैसे मागायचे नाहीत, हा रिवाज त्याने आणि त्याच्या वडिलांनी पाळला आहे. साध्या मागाच्या बाबतीत सोलापुरात जो रिवाज पन्नास वर्षांपासून चालत आला आहे, तो वातानुकूलित शोरूममध्ये का चालू नये?

बऱ्याच हुज्जतीनंतर मला इंजिनाचे सुटे भाग पाहायला मिळाले. सोबत मी आमच्या भागातल्या एका जुन्या मिस्त्रींना नेले होते. त्यांनी चारही कनेक्टिंग रॉडांची बेअरिंगे ओळीने मांडायला लावली. तीन बेअरिंगे जवळजवळ नवी दिसत होती आणि एकच काळे पडून पत्र्यासारखे पातळ झाले होते. मिस्त्रींचे म्हणणे असे की तेल घाण झाल्यामुळे इंजिन गेले असते तर घाण सगळीकडेच फिरली असती आणि चारही बेअरिंगांवर थोडेफार ओरखडे दिसले असते. एकच गेले म्हणजे त्या एकाच्याच वाटेत काहीतरी अडले होते. हे मत अंतिम आहे असा माझा दावा नाही. तेलाचा दाब कमी झाला की एखादे बेअरिंग आधी जाते, असाही प्रतिवाद होऊ शकतो, आणि तो खरा असेलही. पण तो कोणी तरी करायला हवा, लिहून द्यायला हवा आणि त्याखाली सही करायला हवी. मला मात्र त्या भागांचे छायाचित्रही काढू दिले गेले नाही. आठ दिवसांनी फोन आला की कंपनी सद्भावनेपोटी सुट्या भागांच्या किमतीतला निम्मा वाटा उचलेल, त्यासाठी माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही अशा मजकुरावर सही करावी लागेल. दोष माझा असेल तर कंपनीने एक रुपयाही देण्याचे कारण नाही, आणि दोष तिचा असेल तर निम्मे देऊन भागत नाही. मी सही केली नाही.

आता एका तुलनेकडे आपले लक्ष वेधतो. हीच गाडी मी एखाद्या झाडावर आदळली असती, तर विमा कंपनीने परवानाधारक सर्वेअर पाठवला असता. त्याचा परवाना विमा नियामकाचा असतो, तो गाडी खोलण्यापूर्वी पाहतो, छायाचित्रे काढतो, खोलल्यावर पुन्हा पाहतो आणि लेखी अहवाल देतो. तो अहवाल नेहमी ग्राहकाच्या मनासारखा असतो असे नाही, परंतु निदान वर्कशॉपबाहेरचा एक माणूस त्या नुकसानीकडे पाहतो. इंजिन आपणहून निकामी झाले तर विमा नाही, कारण यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत वगळलेला असतो. आणि वॉरंटी आहे की नाही हे ठरवणार तोच, ज्याला ती नाकारल्यास पैसे वाचणार आहेत. चुकीने गाडी ठोकणाऱ्या मालकाला जे संरक्षण आहे ते नियमाने गाडी चालवणाऱ्या मालकाला नाही, ही स्थिती मला अन्यायाची वाटते.

कायद्यात मार्ग आहे, हे मला मान्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे मी राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करू शकतो, माझ्या गाडीच्या किमतीच्या तक्रारीला केवळ ४०० रुपये शुल्क आहे, आणि कलम ३८ प्रमाणे जिल्हा आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवून ४५ दिवसांत अहवाल मागवू शकतो. या तरतुदी चांगल्या आहेत. पण त्या लागू होतात तेव्हा इंजिनाचे दीडशे तुकडे झालेले असतात आणि तेल पिंपात गेलेले असते. प्रयोगशाळेने तपासायचे काय? शिवाय मोटारीच्या क्षेत्रातली आपल्याकडची नावाजलेली संस्था, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), पुण्यात आहे. सोलापूरहून २५० किलोमीटर दूर, सुरू न होणारी गाडी ट्रकवर घालून तिथवर न्यायची आणि तपासणीचा खर्चही आधी तक्रारदारानेच भरायचा, हे किती जणांना झेपेल? ज्याचा दर महिन्याचा १८,८०० रुपयांचा हप्ता बंद गाडीसाठी चालूच आहे, तो बहुधा निम्म्या पैशांच्या कागदावर सही करून मोकळा होतो. माझ्या ओळखीतल्या दोघांनी तेच केले, आणि मी त्यांना नावे ठेवू शकत नाही.

आणि इथेच हा प्रश्न एका ग्राहकाचा न राहता सर्वांचा होतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने वाहने परत मागवण्याची तरतूद आली. विशिष्ट प्रकारच्या वाहनातला दोष प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोक्याचा असेल आणि ठरावीक प्रमाणात मालकांनी तो कळवला असेल, तर केंद्र सरकार कंपनीला ती वाहने परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. महामार्गावर भर वेगात इंजिन बंद पडणे हा धोका आहे, हे मी मळीच्या टँकरपुढे अनुभवले आहे. परंतु प्रत्येक वर्कशॉपच्या नोंदीत अशा प्रत्येक घटनेपुढे मालकाची हयगय एवढेच लिहिले जात असेल, तर सदोष भागांची एखादी संपूर्ण खेप बाजारात आली तरी तिची मोजदाद होणार कशी? सोलापुरातला एक, लातुरातला एक, विजापुरातला एक, असे विखुरलेले मालक आपापली चूक समजून गप्प बसतील. दोषाचे कारण तटस्थपणे नोंदले गेले तरच वाहने परत मागवण्याची तरतूद प्रत्यक्षात उतरेल.

कंपन्यांचीही एक बाजू आहे आणि ती मी नाकारत नाही. तीस-तीस हजार किलोमीटर तेल न बदलणारे, रस्त्याकडेला मिळेल ते तेल घालणारे, लाल दिवा लागल्यावरही घर येईपर्यंत गाडी रेटणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांचा भुर्दंड कंपनीने का सोसावा? तटस्थ तपासणीत अशा मालकाचा दावा पुराव्यानिशी फेटाळला जाईल आणि कंपनीला न्यायालयात वर्षानुवर्षे उभे राहावे लागणार नाही.

ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १८ ने आपणास अनुचित व्यापार प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचा अधिकार दिला आहे. २०२२ मध्ये हॉटेलांतल्या सेवाशुल्काबाबत आणि २०२३ मध्ये ऑनलाइन खरेदीतल्या फसव्या मांडणीबाबत आपण तो वापरलात. त्याच अधिकारात माझी विनंती अशी आहे की, वॉरंटीतल्या वाहनाचे इंजिन किंवा गिअरबॉक्स मालकाच्या लेखी संमतीशिवाय आणि त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला हजर राहण्याची संधी दिल्याशिवाय उघडू नये. उघडण्यापूर्वी तेलाचे दोन नमुने मालकासमोर बाटलीत भरून सीलबंद करावेत आणि एक त्याच्या हाती द्यावा. गाडीच्या संगणकात बिघाडाच्या क्षणाची जी नोंद राहते, म्हणजे इंजिनाचा वेग, तापमान, भार आणि दोषाचा संकेतांक, तिची छापील प्रत त्याच दिवशी मालकाला मिळावी, कारण लाल दिवा लागल्यावर गाडी किती वेळ चालवली या वादाचा निकाल त्या एका कागदावर लागू शकतो. वॉरंटी नाकारायची असेल तर कोणत्या अटीचा भंग झाला आणि त्या भंगामुळेच हा भाग कसा गेला, हे तंत्रज्ञाच्या सहीने लिहून द्यावे. ३१० किलोमीटर उशीर झाला हे खरे आहे; त्या उशिरामुळे बेअरिंग गेले हे दाखवण्याची जबाबदारी मात्र तसे म्हणणाऱ्यावर असायला हवी. युरोपात ग्राहकाने वस्तू घेतल्यापासून निदान एक वर्षापर्यंत दोष मुळातलाच आहे असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे विक्रेत्याला सिद्ध करावे लागते. आपल्याकडे तीन वर्षांची वॉरंटी छापणाऱ्यांना तेवढी जबाबदारी जड जाऊ नये.

निकामी झालेले भाग वर्कशॉपने तक्रारीची मुदत संपेपर्यंत, म्हणजे दोन वर्षे, नोंद करून जपावेत किंवा मालकाच्या ताब्यात द्यावेत. आणि जिल्ह्यापातळीवर तपासणीसांची एक यादी असावी. त्यासाठी नवी संस्था उभारण्याची गरज नाही. आमच्या सोलापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तिथे यंत्र अभियांत्रिकीचे अध्यापक आणि मोजमापाची साधने आहेत. बेअरिंगची जाडी मायक्रोमीटरने मोजायला दिल्लीहून कोणी यायला नको. दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे शुल्क भरावे आणि ज्याचा दोष ठरेल त्याने दुसऱ्याचे परत करावे, एवढी व्यवस्था पुरेल. वाहन ज्या काळात वर्कशॉपमध्ये अडकून पडते तो काळ वॉरंटीतून वजा होऊ नये, हेही त्याच परिपत्रकात यावे. माझे चार महिने गेलेच आहेत.

आज माझी गाडी त्यांच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली उभी आहे आणि तिचे इंजिन दोन प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवलेले आहे. ते क्रेट हलवू नयेत अशी लेखी सूचना मी रजिस्टर पोस्टाने दिली आहे आणि तिची पोचही माझ्याकडे आहे. जॉब कार्ड, सर्व्हिसिंगची बिले, वॉरंटी नाकारल्याचे पत्र आणि निम्म्या रकमेच्या प्रस्तावाचा मजकूर या सर्वांच्या प्रती, मार्गदर्शक तत्त्वे ठरवताना उपयोगी पडणार असतील तर, आपल्या कार्यालयाकडे पाठवण्यास मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक वाहनमालक,
अक्कलकोट रस्ता, सोलापूर